वास्तू पाहावी कशी?

परदेशप्रवास करून आलेल्या गृहस्थास "काय काय पाहिलेत?" असे विचारावे, तर तो इमारतींची उंची सांगतो, त्यांवर झालेला खर्च सांगतो आणि छायाचित्रे पुढे करतो. माप आणि मोल विचारणे हा आपल्या व्यवसायाचाच गुण असल्यामुळे त्यास हसण्याचे कारण नाही. परंतु कापूस घेताना आपण केवळ वजनावर भागवीत नाही. मूठभर रुई हातात घेऊन धागा ओढून पाहतो, ओल पाहतो, कचरा पाहतो. वास्तूच्या बाबतीत मात्र ही चिकित्सा आपण दुकानातच ठेवून निघतो.

वास्तू कोणी बांधली हे वाटाड्या न विचारताच सांगतो. आज ती कोण सांभाळतो, हे मात्र आपणास विचारावे लागते. आणि माझ्या मते रसग्रहणाचा आरंभ याच प्रश्नापासून व्हावयास हवा.

आफ्रिकेतील माली देशात जेने नावाचे नगर आहे. तेथील विशाल मशीद उन्हात वाळविलेल्या कच्च्या विटांची असून तिची सध्याची इमारत 1907 सालची आहे. पावसाने तिचा गिलावा झिजतो, म्हणून दरवर्षी सारे नगर एकत्र येऊन तिला मातीचा नवा लेप देते. भिंतींतून बाहेर आलेले ताडाच्या लाकडांचे जुडगे प्रथमदर्शनी निव्वळ शोभेचे वाटतात. वस्तुतः लेप देणाऱ्यांना चढण्यासाठी तीच कायमची परांची आहे. दुरुस्तीची सोय हीच जिची शोभा झाली, अशी दुसरी वास्तू मला ठाऊक नाही. जपानमधील इसे येथील देवालय तर दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने उभारतात. 2013 मध्ये ही उभारणी 62 व्या वेळी झाली. लाकूड नवे, पण सुताराची विद्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे चालत आलेली.

आमच्या इंद्रवेल्लीकरांना हे पाहण्यासाठी एवढे दूर जाण्याचेही प्रयोजन नाही. इंद्रवेल्ली मंडळातीलच केसलापूर येथे मेसराम कुळातील गोंड बांधवांचे नागोबाचे स्थान आहे. तेथील नवे पाषाणाचे मंदिर डिसेंबर 2022 मध्ये खुले झाले. त्यासाठी लागलेले सुमारे पाच कोटी रुपये या कुळाने आपसांत वर्गणी काढून जमविले. देणारे बहुतेक शेतकरी, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. दगडावरील कोरीव काम सुबक आहे, यात शंका नाही. परंतु मला त्याहून मोठी वाटते ती जत्रेची रीत. पौष अमावास्येच्या पूजेसाठी मेसराम मंडळी पायी चालत जाऊन गोदावरीचे जल आणतात, कुळात आलेल्या नव्या सुनांची देवापुढे भेट घडवितात, आणि लेकी-जावई माती कालवून वारुळे रचतात. पाषाणाचे मंदिर उभे राहिले, तरी मातीचे काम कोणी बंद केले नाही. केवळ शिखर पाहून परतणाऱ्यास ही वास्तू निम्मीच दिसली, असे म्हणावे लागेल.

इंद्रवेल्लीतीलच दुसरी वास्तू म्हणजे हुतात्मा स्तंभ. शिल्पाच्या दृष्टीने त्यात फारसे काही नाही. 20 एप्रिल 1981 रोजी, सोमवारी, सभेसाठी जमलेल्या आदिवासींवर येथे पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा 13 मृतांचा; प्रत्यक्षात कितीतरी अधिक दगावले, असे सांगणारे पुष्कळ आहेत. पूर्वीचा स्तंभ 1986 मध्ये पाडला गेला, 1987 मध्ये पुन्हा उभा राहिला. कित्येक वर्षे त्या तारखेस तेथे जमण्यास मनाई असे, तरी त्याची आठवण पुसली गेली नाही. सभेच्या मागण्यांत जमिनीच्या हक्काबरोबर सावकारी आणि व्यापारातील पिळवणुकीचाही प्रश्न होता. तेव्हा व्यापारी म्हणविणाऱ्याने या स्तंभापुढून मान वळवून जाणे बरे दिसत नाही. पॅरिसचा लोखंडी मनोरा कौतुकाने पाहणाऱ्या माणसाने येथेही घटकाभर थांबावे.

आता आपल्या घरचे. धर्मशाळा, सभागृह, पाठशाळा यांसाठी आपला समाज सढळ हाताने देतो. कोनशिला बसते, देणगीदारांची नावे संगमरवरावर येतात. पुढे दहा पावसाळ्यांत गच्ची गळू लागते, तेव्हा पन्हळ साफ करण्यासाठी कोणी देणगी देत नाही; कारण पन्हळीवर नाव कोरता येत नाही! मग "इमारत जुनी झाली" म्हणून ती पाडण्याचा ठराव येतो आणि नव्या कोनशिलेची तयारी सुरू होते. ही उदारता नसून उधळपट्टी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अबूवरील लूणवसही आपण सर्वांनी पाहिली आहे. निदान तिच्या छतांची चित्रे तरी पाहिली आहेत. वस्तुपाल आणि तेजपाल हे बंधू मंत्री होते, तसेच व्यापारी कुळातलेही होते. मंदिराची प्रतिष्ठा विक्रम संवत 1287, म्हणजे इ.स. 1230 मधील. त्या काळच्या शिलालेखात मंदिराची व्यवस्था कोणी पाहावयाची, आणि आठ दिवसांच्या वार्षिक उत्सवातील कोणता दिवस कोणत्या गावच्या श्रावकांनी सांभाळावयाचा, हेदेखील दगडात कोरून ठेवलेले आहे. आपल्या पुढील इमारतीच्या कोनशिलेवर देणगीदारांच्या नावांखाली तेवढी जागा राखावी, आणि निधीचा एक भाग प्रारंभीच दुरुस्तीसाठी वेगळा काढावा, अशी माझी कार्यकारी मंडळास सूचना आहे.