चिठ्ठी नीट लिहा!

बालमित्रांनो,

आधी माझी एक फजिती सांगतो. मागे आम्ही आठ दिवस गावाला गेलो होतो. जाताना शेजारच्या ताईच्या हाती किल्ली आणि एक चिठ्ठी दिली : ‘झाडांना पाणी घाल.’ ताई मोठी गुणाची. तिने रोज सकाळी सगळ्या कुंड्यांना तांब्या-तांब्या पाणी घातलं. परत येऊन पाहतो तर तुळस टवटवीत, पण कोरफड मुळापासून कुजलेली! कोरफडीला रोज पाणी चालत नाही, हे मला ठाऊक होतं. चिठ्ठीत मात्र ते नव्हतं. आता सांगा, चूक कुणाची?

बरोबर. माझीच!

ही गोष्ट आज आठवायचं कारण म्हणजे तुमच्यातल्याच एकाने पत्रातून विचारलंय, “काका, एआय एजंट म्हणजे काय? त्याला सगळं आपोआप कसं कळतं?” एजंट म्हणजे विमा एजंट नव्हे हं! आपण एखादं काम सांगायचं आणि त्याने दुसरे प्रोग्रॅम वापरून ते पार पाडायचं, असा हा संगणकातला मदतनीस. त्याने वापरायच्या प्रोग्रॅमना ‘टूल’, म्हणजे साधनं म्हणतात. पण आपोआप मात्र त्याला काहीच कळत नाही. साधनाच्या पोटात काय चाललंय, हे त्याला बहुधा दिसत नाही. त्याच्या हाती पडते ती एक चिठ्ठी : साधनाचं नाव, त्याचं काम आणि त्याला कोणती माहिती पुरवायची. २०२४ च्या नोव्हेंबरात ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची एक सामाईक पद्धत जाहीर झाली. तिच्यातही साधनाची ओळख अशीच करून देतात.

समजा, तुमच्या शाळेच्या वाचनालयासाठी कुणी एक साधन बनवलं आणि त्याला नाव दिलं ‘पुस्तक काढ’. आता काढ म्हणजे काय? कपाटातून काढायचं? तुमच्या नावावर काढायचं? की नोंदवहीतून कायमचं काढून टाकायचं? ग्रंथपालबाई असत्या तर तुमच्या तोंडाकडे बघून समजल्या असत्या. एजंट कधी कधी उलट विचारतो, पण पुष्कळदा अंदाज बांधतो आणि पुढे जातो. अंदाज चुकला, की पुस्तक यादीतून गायब!

म्हणून चिठ्ठी अशी हवी :

नाव : सभासदाला पुस्तक द्या.
काम : सभासदाच्या नावावर पुस्तक नोंदवणे. यादीतून पुस्तक रद्द करायला हे वापरू नये.
काय पुरवायचं : सभासद क्रमांक, पुस्तक क्रमांक, परतीची तारीख.
तारीख कशी : वर्ष-महिना-दिवस. उदा. २०२७-०४-०३.
अडलं तर : ‘पुस्तक दुसऱ्याकडे आहे’ किंवा ‘हा सभासद क्रमांक नाही’ असं उत्तर येईल.

तारखेचं एवढं कौतुक कशाला? कारण ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च! हा घोळ टाळायला वर्ष-महिना-दिवस हा क्रम ‘आयएसओ ८६०१’ या आंतरराष्ट्रीय मानकात १९८८ सालीच ठरला. आणि शेवटची ओळ पाहिलीत? नुसतं ‘चूक झाली’ म्हटलं, तर बिचारा एजंट तीच चूक पुन्हा करील. काय चुकलं ते सांगितलं, की तो सुधारू शकतो.

पण नुसतं छान लिहून भागत नाही. लिहिलंय तसंच साधनानं वागायलाही हवं. १९९९ च्या सप्टेंबरात नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ पोहोचताच नष्ट झालं. इंजिनांच्या धक्क्याचे आकडे न्यूटन-सेकंदात द्यायचे, असं कागदावर ठरलेलं होतं. एका प्रोग्रॅमने मात्र ते पौंड-सेकंदात दिले. फरक जवळजवळ साडेचार पटींचा! दुसऱ्या प्रोग्रॅमने ते न्यूटनचेच समजून हिशेब केला, आणि यान ठरल्यापेक्षा फार खालून मंगळाच्या वातावरणात शिरलं. तिथे एआय नव्हतं, पण धडा तोच.

आता या रविवारचा उद्योग. लिंबू सरबताची कृती कागदावर लिहा आणि ज्याने ते कधीच केलं नाही, अशा भावंडाला द्या. त्याने लिहिलंय तेवढंच करायचं. तुम्ही शेजारी बसायचं, पण तोंडातून ब्र काढायचा नाही. आईबाबांनो, तुम्हीही नाही हं! ‘साखर बेताची’ असं लिहिलं असेल, तर बेत कुणाचा ते लगेच कळेल. ‘लिंबू पिळा’ म्हटलंत, पण आधी कापायला सांगितलंत का?

सरबत बिघडलं, तर भावंडावर रागावू नका. चिठ्ठी दुरुस्त करा आणि पुन्हा करून पाहा. चांगले प्रोग्रॅमरही हेच करतात : एजंटाला साधन वापरायला देतात, तो कुठे अडखळतो ते बघतात आणि चिठ्ठीतली तेवढी ओळ सुधारतात.

माझ्या घरी आता नवी कोरफड आली आहे. कुंडीवर कागद चिकटवलाय : ‘पाणी आठवड्यातून एकदा, अर्धा पेला. माती ओली असेल तर तेही नको.’

भेटू या पुढच्या आठवड्यात!

तुमचा,
काका