डास फार आहेत, आज सराव नाही

मिनेसोटात राहणाऱ्याला डासांबद्दल वेगळं सांगायला नको. पण डास फार झाले म्हणून कॉलेजच्या फुटबॉल संघाचा सराव गुंडाळणारा प्रशिक्षक आपल्याच राज्यात, मिनिॲपोलिसपासून दीड तासाच्या आत, साठ वर्षं होता, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? बरं, हा काही हरणाऱ्यांतला नव्हे. जॉन गलार्डी यांनी कॉलेज फुटबॉलमध्ये ४८९ सामने जिंकले. मुख्य प्रशिक्षक म्हणून इतके सामने आजवर कुणीही जिंकलेले नाहीत.

७ ऑक्टोबर २०१८ ला, वयाच्या ९१ व्या वर्षी ते गेले. त्यांचं नाव निघतं ते ४८९ या आकड्यासकटच. मला मात्र त्यांच्या वारशातला हा आकडा सगळ्यात कमी कामाचा वाटतो. आपल्या कामाची आहे ती त्यांची ‘नाही’ची यादी.

शिट्टी नाही. सरावात टॅकल करून कुणाला पाडायचं नाही. ढकलत न्यायचे जडशीळ सांगाडे मैदानावर नाहीत. पाणी मागणाऱ्याला थांबवायचं नाही. दीड तासाच्या वर सराव नाही. संघात यायचं म्हणणाऱ्या कुणालाही काढून टाकायचं नाही, मग दीडशेच्या वर पोरं झाली तरी चालतील. आणि मला ‘कोच’ म्हणायचं नाही, जॉन म्हणा. (मराठीत लिहिताना माझ्याच्याने ‘ते’ सोडवत नाही, तेवढं त्यांनी चालवून घ्यावं.) अंग मोकळं करायच्या वेळी पोरं गवतावर उताणी पडून शेजाऱ्याला म्हणायची, काय छान दिवस आहे नाही आज! हाही त्यांच्याकडे व्यायामप्रकारच होता.

हे सुचलं कुठून? १९४३ साली कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड गावात, इटलीहून आलेल्या एका माणसाचा हा मुलगा सोळा वर्षांचा होता. शाळेच्या प्रशिक्षकाला युद्धाचं बोलावणं आलं. शाळा संघच बंद करायला निघाली, तेव्हा या पोराने ‘मी शिकवतो’ म्हणून गळ घातली. एकदा सूत्रं हातात आल्यावर, खेळाडू म्हणून जे जे नकोसं वाटत होतं ते ते त्याने काढून टाकलं. सोळा वर्षांच्या मुलाचा कंटाळा, एवढंच या यादीचं मूळ. पुढे मॉन्टानातल्या कॅरल कॉलेजात चार हंगाम काढून १९५३ मध्ये ते कॉलेजव्हिलला, बेनेडिक्टाइन साधूंच्या सेंट जॉन्स विद्यापीठात आले आणि २०१२ चा हंगाम संपेपर्यंत तिथून हलले नाहीत.

आता जरा दक्षिणेकडे बघा. १९५४ मध्ये टेक्सास ए अँड एमचे बेअर ब्रायंट आपला संघ घेऊन जंक्शन नावाच्या गावी गेले. दुष्काळ, रणरणतं ऊन, सरावात पाण्याचा थेंब नाही. कितीतरी मुलं सामान आवरून पळाली. त्या हंगामात संघ एक सामना जिंकला, नऊ हरला. तरीही त्या शिबिरावर पुस्तक निघालं, चित्रपटही निघाला. कॉलेजव्हिलची पोरं तहान लागली की पाणी प्यायली, यावर कोण चित्रपट काढणार? ती १९६३ आणि १९६५ मध्ये त्यांच्या गटाचं राष्ट्रीय विजेतेपद घेऊन आली, पुढे १९७६ आणि २००३ मध्येही.

कुणी म्हणेल, छोट्या कॉलेजांचा तिसरा विभाग तो, तिथे खेळासाठी शिष्यवृत्तीसुद्धा मिळत नाही, तिथल्या विजयांचं काय एवढं? मान्य. पण समोरचे संघही त्याच विभागातले, तशाच मुलांचे होते. २००३ च्या अंतिम सामन्यात समोर ओहायोचं माउंट युनियन होतं, सलग ५५ सामने जिंकून आलेलं. सेंट जॉन्सने त्यांना २४–६ असं हरवलं. आणि हे सगळं लाडाने होत नव्हतं. एखादी चाल बिनचूक बसेपर्यंत ती पुन्हा पुन्हा करवून घेतली जायची. कष्ट होतेच, छळ तेवढा वजा केला होता.

मग इतरांनी हे का उचललं नाही? डार्टमथने सरावातलं टॅकलिंग बंद केलं २०१० मध्ये. आयव्ही लीगच्या प्रशिक्षकांनी हंगामातल्या सरावात असं भिडणं थांबवायचा निर्णय घेतला २०१६ मध्ये. तोवर डोक्याला बसणाऱ्या माराने मेंदूचं काय होतं याचे पुरावे समोर येऊन पडले होते. गलार्डी वारले त्याच वर्षी मे महिन्यात मेरीलँड विद्यापीठाचा एक १९ वर्षांचा खेळाडू सरावात उष्माघाताने कोसळला आणि जूनमध्ये दगावला. माझ्या मते उत्तर साधं आहे. पोरगं दमून आडवं झालेलं दिसलं की शिकवणाऱ्याला वाटतं, आपण काहीतरी शिकवलं. पाहणाऱ्यालाही तसंच वाटतं.

पाहणाऱ्यांत मीही होतो. माझ्या मुलाच्या सॉकरच्या वर्गात पास चुकला की मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा असे. मी गाडीत कॉफी पीत ते बघायचो आणि मनात म्हणायचो, चला, फी वसूल. दोन वर्षांत पोराने सॉकर सोडलं. फेऱ्यांनी त्याचा पास काही सुधारला नव्हता.

रमाकांत आचरेकर सरांनी सचिनला लगावलेली थप्पडही आपण अशीच कौतुकाने सांगतो. सराव सामना बुडवून तो वानखेडेवर वरच्या संघाचा सामना बघायला गेला होता, ही गोष्ट त्यानेच सांगितली आहे. पण त्याच सरांनी स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवून ‘बाद झाला नाहीस तर तुझं’ असा खेळही मांडला होता आणि सचिनने ती नाणी जपून ठेवली. मला विचाराल तर सचिन नाण्याने घडला, थप्पड आपण उगाच मिरवतो.

आपल्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेचं नवं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं. पहिल्या बैठकीत अभ्यासक्रमावर आपण तास-दीड तास बोलतोच. यंदा त्याआधी दहा मिनिटं काढून काय करायचं नाही याची यादी करू या. माझ्याकडून पहिली नोंद आत्ताच घ्या: चुकलेला शब्द शिक्षा म्हणून दहा वेळा लिहायला लावायचा नाही.