शब्द कुणाचे, चाल कुणाची
परवा कळमनुरीत घरबसल्या माइक ली यांचा ‘टॉप्सी-टर्व्ही’ (1999) हा चित्रपट पाहिला. संगीतिका रचणाऱ्या जोडीची गोष्ट: शब्द गिल्बर्टचे, चाली सलिव्हनच्या, आणि दोघांत कुरबुर. एके दिवशी भिंतीवरची जपानी तलवार धाडकन पडते, गिल्बर्टचे डोळे चमकतात. त्यातून 1885चं ‘मिकाडो’! त्याच वर्षी आपले अण्णासाहेब किर्लोस्कर गेले. ‘सौभद्र’ हे संगीत नाटक लिहिलं त्यांनीच, चालीही त्यांच्याच. बिचारे भांडणार कुणाशी? जोडी जमली 1911च्या ‘मानापमान’ला: पदं खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ‘बालगंधर्व’ (2011) हा चित्रपट छानच होता, पण आपला कॅमेरा नटाच्या शालूवरून हलत नाही. मला पडद्यावर पेटी पुढ्यात ओढलेले टेंबे हवेत, आणि एक अक्षर चालीत बसेना म्हणून कपाळाला आठ्या घातलेले खाडिलकर.