ठिगळ लावून वेबसाइट टिकत नाही

वेबसाइट लहान असते तेव्हा चूक सापडली की दहा मिनिटांत दुरुस्त होते. तीच वेबसाइट दोन-तीन वर्षांत वाढते, अनेकांच्या हातून जाते आणि मग एकीकडे ठिगळ लावले की दुसरीकडे उसवते. मग खापर फुटते ते शेवटी हात लावणाऱ्या प्रोग्रामरवर. मी याच क्षेत्रात काम करतो आणि माझे मत वेगळे आहे. तोच बग पुन्हा पुन्हा येत असेल तर दोष माणसात कमी आणि रचनेत जास्त असतो.

फेसबुकचे उदाहरण प्रसिद्ध आहे. नवा मेसेज आल्याचा आकडा दिसायचा, उघडून पाहावे तर काहीच नसायचे. बग दुरुस्त व्हायचा आणि काही दिवसांनी परत यायचा. कारण वरचा आकडा, चॅटची खिडकी आणि मेसेजचे पान यांची माहिती एकमेकांत गुंतलेली होती. अखेर २०१४ मध्ये त्यांच्या अभियंत्यांनी 'फ्लक्स' ही रचना जगासमोर मांडली. तिचे तत्त्व सोपे आहे: माहिती ठरलेल्या जागी ठेवायची आणि तिचा प्रवाह एकाच दिशेने वाहू द्यायचा.

आता आपल्या रोजच्या अनुभवाकडे या. ऑनलाइन अर्जात नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन रकाने सक्तीचे असतात. आपल्यातल्या कित्येकांना आडनावच नसते. तक्रार झाली की नोंदणीच्या पानावरची सक्ती काढली जाते, पण पैसे भरण्याच्या पानावर ती तशीच राहते. कारण तोच नियम प्रत्येक पानावर वेगळा लिहिलेला असतो. मग सायबर कॅफेवाला सांगतो, ''आडनावाच्या जागी टिंब टाका.'' पुढे कागदपत्रे तपासताना अर्जावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही आणि हेलपाटे विद्यार्थ्याला पडतात. नियम एकाच ठिकाणी लिहिला असता तर तो एकदाच बदलावा लागला असता.

याचा अर्थ पहिल्याच दिवशी भलीमोठी रचना उभारावी असा नाही. चार पानांच्या साइटला तिचे ओझेच होते. फ्लक्सवरून प्रेरणा घेतलेल्या 'रिडक्स'च्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या डॅन अब्रामोव्ह यांनीच २०१६ मध्ये लिहिले होते की कदाचित तुम्हाला रिडक्सची गरज नसेलही. सगळे मोडून नव्याने लिहिणे हाही उपाय नव्हे. जुन्या कोडमध्ये वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्या साठलेल्या असतात, त्याही त्यात वाहून जातात.

माझ्या मते मधला मार्ग हा आहे. बग दुरुस्त करण्याआधी तो पकडणारी चाचणी लिहावी, म्हणजे तो गुपचूप परत येणार नाही. तोच बग दुसऱ्यांदा आला तर थांबून विचारावे: ही माहिती किती ठिकाणी ठेवली आहे आणि ती कोण कोण बदलते? उत्तर एकाहून जास्त असेल तर तेवढाच भाग आधी नीट करावा.

व्यवस्थापनाला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, कारण पडद्यावर नवे काही दिसत नाही. पण न दिलेल्या त्या वेळेची किंमत कुणीतरी मोजतेच. बहुतेक वेळा ती मोजणारा माणूस अर्जाच्या शेवटच्या तारखेला रांगेत उभा असतो.