मिसळायचे कोणी?

"मुलांनी मिसळायला शिकले पाहिजे" हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की त्यात काही अन्याय दडलेला असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतून ठाकूर, कातकरी, महादेव कोळी घरांतली जी मुले-मुली आश्रमशाळेची पायरी ओलांडून मुंबई-पुण्याच्या वसतिगृहांत येतात, त्यांना तर तो पहिल्याच आठवड्यात ऐकावा लागतो. ती बुजरी आहेत, आपापसांत घोळका करून राहतात, मेसमध्ये एकाच बाकावर बसतात, अशी तक्रार असते. तक्रार करणारेही शेजारच्या बाकावर आपापला घोळका करूनच बसलेले असतात. पण त्या घोळक्याला मात्र 'मित्रमंडळ' म्हणतात.

गंमत अशी, की हाच प्रश्न आपल्या घरात आला की आपली भाषा पार बदलते. मुलगी ब्रिटनमधल्या एखाद्या विद्यापीठाच्या वसतिगृहात एकटी पडली, तिच्या फोडणीच्या वासावर कोणी नाक मुरडले, की आपण वर्णद्वेषावर बोलतो, ती भारतीय मैत्रिणींतच राहते म्हटल्यावर "बिचारी दुसरे काय करणार?" असे विचारतो. ही सहानुभूती रास्तच आहे. पण ती कसारा-आसनगावच्या लोकलपर्यंतही का पोचू नये?

या बाबतीत डॉ. आंबेडकरांच्या चरित्रातले दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहात त्यांची नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी गट्टी जमली आणि ती आयुष्यभर टिकली. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. जात लपवून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले, आणि काही दिवसांतच लाठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना तिथून हुसकले. माणूस तोच, मिसळण्याची त्याची पात्रता तीच. समोरचा समाजही तोच. वेगळे होते ते घर आणि त्या घराचे नियम. तेव्हा मिसळणे हा येणाऱ्याच्या स्वभावाचा गुण नसून राहण्याच्या जागेचा गुण आहे, एवढे तरी यातून मान्य व्हावे.

यावर कोणी म्हणेल, वेगळेपण कुरवाळत बसले तर ही मुले पुढे कशी येणार? मिसळू नये असे मीही म्हणत नाही. पण मिसळणे घडवून आणावे लागते, आणि ते कसे घडवतात हे महाराष्ट्राला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातिधर्मांची मुले एका चुलीवरचे अन्न एका पंगतीत बसून खात. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तिथे कोणा एका मुलाला "तू जुळवून घे" असे सांगितले जात नव्हते. एकत्र राहणे हाच त्या घराचा नियम होता. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, २०२३ साली, मुंबईच्या आयआयटीतल्या काही वसतिगृहांच्या मेसमध्ये शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबले राखून ठेवण्यात आली आणि त्याचा निषेध केल्याबद्दल एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. पंगत मोडणारी व्यवस्थाच असेल, तर सुकट-बोंबील आणि नाचणीची भाकरी खाऊन वाढलेल्या मुलाने मिसळायचे तरी कुठे?

हा प्रश्न केवळ बुजरेपणाचा नाही. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवी या तडवी भिल्ल समाजातील पदव्युत्तर विद्यार्थिनीने आत्महत्या केली आणि जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून तीन वरिष्ठ डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. शिक्षणसंस्थांत भेदभावविरोधी अधिकारी नेमण्याची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ सालीच केली होती. तरीही तिच्या अंमलबजावणीसाठी रोहित वेमुला आणि पायल तडवी यांच्या मातांना २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले.

तेव्हा उपदेशाची दिशा आता फिरवली पाहिजे. खोल्या आडनाव किंवा प्रवेशपरीक्षेतला क्रमांक पाहून नव्हे, तर चिठ्ठ्या टाकून द्याव्यात. मेसमध्ये कोणत्याही बाकावर कोणाची पाटी असू नये. भेदभावविरोधी अधिकाऱ्याचे नाव प्रत्येक मजल्यावर लावावे. आणि 'मिसळावे कसे' यावरचे पहिले व्याख्यान ठाकूरवाडीतून आलेल्या मुलाला नव्हे, तर त्याच्या खोलीत आधीपासून राहणाऱ्या मुलाला द्यावे.