ज्वाळा दिसणारी विजेची शेगडी घेताय?

डिसेंबर उजाडला की बेंगळुरूत दोन गोष्टी एकदम दिसायला लागतात. रस्त्याच्या कडेला अवरेकाईचे, म्हणजे आपल्या पावट्याचे, हिरवेगार ढीग आणि मोबाइलवर हीटरच्या जाहिराती. त्या जाहिरातींमध्ये हल्ली एक वेगळी वस्तू डोकावते. काळ्या लोखंडासारखी पेटी, चार बुटके पाय, पुढे काचेचं दार, आत लाकडाचे ओंडके आणि त्यांच्यावर नाचणाऱ्या केशरी ज्वाळा. थंड देशांत लाकडं जाळायची जी शेगडी असते तिची हुबेहूब नक्कल. फरक एवढाच की धुराड्याच्या जागी मागून वायर निघते. महिन्याभरात ओळखीतल्या तिघींनी मला विचारलं, "घेऊ का गं?" म्हणून यावेळी हाच विषय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. त्या ज्वाळा आणि ती ऊब यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. ज्वाळा म्हणजे एलईडीचा प्रकाश. आत एक चकचकीत तुकडे लावलेला दांडा हळूहळू फिरतो, प्रकाश त्याच्यावरून उडून मागच्या पडद्यावर पडतो आणि आपल्याला वाटतं आग हलतेय. ऊब येते ती वेगळ्याच ठिकाणाहून. पेटीच्या वर किंवा खाली तापणारी तार आणि पंखा असतो, तिथून गरम वारा बाहेर येतो. म्हणजे एकाच खोक्यात एक हीटर आणि एक छोटा सिनेमा. तुम्हाला यातलं नेमकं काय हवंय, यावर पुढचं सगळं ठरतं.

आता आपल्या शहराची थंडी बघा. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून साधारण ९२० मीटर उंचीवर आहे, म्हणून गारठा जाणवतो खरा. पण डिसेंबर-जानेवारीतलं रात्रीचं सरासरी किमान तापमान १५-१६ अंशांच्या आसपास असतं. इथली नोंदलेली सर्वांत कडक थंडी ७.८ अंशांची, आणि तीही १८८४ च्या जानेवारीतली! खरी गोष्ट अशी की आपली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेलीच नाहीत. दाराखाली फट, खिडकीला जाळी, न्हाणीघराला उघडा झरोका आणि पायाखाली बर्फासारखी टाइल. दोन हजार वॅटचा हीटर लावायचा आणि ऊब दाराखालून जिन्यात पाठवायची, असं अनेक घरांत होतं. आधी जाड पडदा, दाराला कापडाची गुंडाळी आणि जमिनीवर सतरंजी, मग पुढची खरेदी.

पैशांचा हिशोब तर डोळे उघडणारा आहे. हीटर २००० वॅटवर रोज तीन तास चालवला तर दिवसाला ६ युनिट आणि महिन्याला १८० युनिट होतात. युनिटला ७ रुपये धरले तर १२६० रुपये. आणि हीटर बंद ठेवून नुसत्या ज्वाळा चालू ठेवल्या तर? एलईडी आणि छोटी मोटर मिळून १५ वॅट धरा. तेवढेच तास, तेवढेच दिवस, आणि महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. दहा रुपयांच्या आत काम.

ज्यांना गृहज्योतीचा लाभ मिळतो त्यांनी इथे जास्त सांभाळावं. योजनेत २०० युनिटांपर्यंतची वीज मोफत आहे, तीही आपल्या आधीच्या सरासरी वापराच्या हिशोबाने. २०० ओलांडले की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं. घरात एरवी १३० युनिट लागत असतील, तर हा एकटा हीटर तुम्हाला ३१० वर नेऊन ठेवेल.

दुकानदार सांगेल की ही महागडी शेगडी साध्या हीटरपेक्षा "जास्त ऊब" देते. देत नाही. विजेच्या तारेतून १००० वॅट गेले की १००० वॅटचीच उष्णता मिळते, मग ती तार दीड हजारांच्या पंखेवाल्या हीटरमध्ये असो की नक्षीदार पेटीत. जास्तीचे पैसे दिसण्याचे आहेत. ते द्यायला माझी ना नाही, फक्त कशाचे देतोय ते माहीत असावं.

दिसण्याला पैसे द्यायची ही हौस तशी जुनी आहे. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच 'मॅजिकोल' नावाने खोट्या कोळशाच्या विजेच्या शेगड्या विकल्या जात होत्या. पुढे १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर कोळशाच्या धुराचं ते कुप्रसिद्ध धुकं बसलं, हजारो माणसं दगावली आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. घराघरातला धुराचा कोळसा हळूहळू गेला, पण विस्तवाकडे बघत बसायची सवय काही गेली नाही. तिची सोय करायला नकली निखारे होतेच.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? माझी आजी निपाणीकडची. हिवाळ्यात आमच्याकडे येते. तिने आयुष्यभर चूल फुंकली, बंब पेटवला आणि त्या धुराचा खोकला आता तिच्यासोबत बेंगळुरूला येतो. एका मैत्रिणीच्या हॉलमध्ये तिने ही शेगडी पहिल्यांदा पाहिली. बराच वेळ टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "धूर न्हाई, राख न्हाई, मग ह्येला पेटलं कसं म्हणायचं?" पण तिथून उठली नाही. तासभर आम्हाला शेकोटीच्या गोष्टी सांगत बसली. टीव्ही लागला असता तर बोलली नसती, हेही मला माहीत आहे.

म्हणून माझं मत असं. घरातल्या वयस्कर माणसाची खोली गरम करायची असेल तर ज्वाळांच्या मागे लागू नका. तेल भरलेला रेडिएटर घ्या. तो आवाज करत नाही, बंद केल्यावरही काही वेळ उबदार राहतो. आणि ज्यांना हॉलमध्ये सगळ्यांनी एकत्र बसायला निमित्त हवंय त्यांनी ही पेटी खुशाल घ्यावी, पण हीटर बंद ठेवून फक्त ज्वाळा चालतात का, हे आधी विचारावं. बेंगळुरूत वर्षातले बहुतेक दिवस तुम्ही तीच कळ दाबणार आहात.

खरी चूक होते ती पैसे वाचवायला कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवण्याची. दर हिवाळ्यात कुठून तरी ती बातमी येते. झोपलेली माणसं सकाळी उठतच नाहीत. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो आणि माणसाला कळायच्या आत शुद्ध हरपते. ज्वाळांची ही विजेची पेटी कितीही नाटकी वाटली, तरी तिच्यातून तो वायू निघत नाही. शेकोटीशिवाय करमत नाही म्हणणाऱ्या आजी-आजोबांच्या घरी मला हा मुद्दा बिलापेक्षा मोठा वाटतो.

तरीही जपायच्या जागा आहेतच. २००० वॅटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. मोबाइल चार्जरच्या ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला ते झेपत नाही. गीझरसाठी असतो तसा १६ अँपिअरचा मोठा सॉकेट हवा, तोही थेट भिंतीतला. एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच, तो आतल्या आत वितळतो. भाड्याच्या घरांत हॉलमध्ये असा सॉकेट बहुधा टीव्हीच्या मागे नाहीतर एसीच्या जागी छताजवळ असतो. तेव्हा पेटी कुठे ठेवणार ते ठरवून मगच ऑर्डर करा. इन्व्हर्टरवर हीटर चालवायचा विचारही नको. आयएसआयचं चिन्ह आणि जास्त तापल्यावर आपोआप बंद होण्याची सोय, या दोन गोष्टींवर तडजोड करू नका. पावसाळ्यात न वाळलेले मोजे या पेटीवर पसरायचा मोह होतो, तो आवरा. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झालीय त्यांना कुठल्याही हीटरला चिकटून बसू देऊ नका. भाजलेलं त्यांना उशिरा कळतं.

एक महागडा प्रकारही मिळतो. त्यात पाण्याची बारीक वाफेसारखी फवार उडते आणि तिच्यावर खालून प्रकाश पडतो. दिसते अगदी खरी आग, लहान मुलं हात घालून बघतात. पण त्याला स्वच्छ पाणी लागतं. बोअरवेलच्या, टँकरच्या कठीण पाण्याने आत क्षार साचतात. २०२४ च्या उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी धावाधाव केलेल्या शहरात आगीला फिल्टरचं पाणी पाजायचं, हे मला तरी पटत नाही.

विकत घेण्याआधी चालू पेटीचा व्हिडिओ आवाजासकट बघा. फोटोत सगळ्याच ज्वाळा सुंदर दिसतात. प्रत्यक्षात काहींमध्ये तीच ज्वाळा दर चार सेकंदांनी परत येते आणि पंखा घरघरतो. लाकूड तडतडण्याचा नकली आवाज असेल तर तो बंद करता येतो ना, तेही विचारा. दुसऱ्या दिवशीच त्याचा कंटाळा येतो. ज्वाळांचा उजेड कमी-जास्त करता आला तर उत्तम. घर बदलताना ती काच सांभाळून न्यावी लागेल, तेव्हा थर्माकोलसकट खोका माळ्यावर ठेवून द्या.