‘पेशी मरतात’ हे अर्धेच वाक्य : लोणार, क्विनाइन आणि चमकणारे रंग

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि काही दिवस साऱ्या महाराष्ट्राची नजर त्या पाण्यावर खिळली. कोणाला त्यात दैवी संकेत दिसला, कोणाला प्रदूषण. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि उत्तर दिले: पाणी आटल्याने खारेपणा वाढला होता, आणि त्यात हॅलोआर्किया नावाच्या मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा सुकाळ झाला होता. गुलाबी रंग त्यांच्या रंगद्रव्याचा होता.

लोणारचा इतिहास बहुतेकांना दोन टोकांकडून ठाऊक असतो. एका टोकाला लवणासुराची कथा आणि दैत्यसूदनाचे मंदिर, दुसऱ्या टोकाला उल्कापात, बेसॉल्टमधले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आणि १८२३ साली त्याची नोंद करणारा इंग्रज अधिकारी अलेक्झांडर. या धाग्याचा विषय तिसरा आहे. अशा विलक्षण जागेतल्या सूक्ष्मजीवांविषयी लिहिताना एक वाक्य हमखास येते: त्यांच्या अर्काने प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मरतात, म्हणजे येथे उद्याचे औषध दडलेले आहे. हे वाक्य खोटे असेलच असे नाही. पण ते अर्धे आहे, आणि उरलेले अर्धे ज्या रंगांनी लिहिले जाते त्यांचा इतिहास मराठी वाचकापर्यंत फारसा पोचलेला नाही.

आधी आशेची बाजू. मातीतून औषध निघते, आणि महाराष्ट्राच्या मातीतून ते निघालेही आहे. १९५४ साली पिंपरीत स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास एका सूक्ष्मजीवापासून बुरशीनाशक प्रतिजैविक मिळवले. सूक्ष्मजीवाला नाव मिळाले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, म्हणजे गावाचेच नाव. औषधाला मिळाले हॅमायसिन, म्हणजे कारखान्याचे. बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल असते, त्याला हे औषध पकडते आणि पटलाला भोके पाडते. अडचण अशी की माणसाच्या पेशीपटलात त्याच जातकुळीतले कोलेस्टेरॉल असते. त्यामुळे हॅमायसिनचा मुख्य उपयोग वरून लावण्याचे औषध म्हणूनच राहिला. शत्रूला मारणाऱ्या द्रव्याने घरच्यांना किती दुखावले, हा प्रश्न येथे औषधाच्या गुणाइतकाच महत्त्वाचा ठरला.

आता लोणारकडे पुन्हा पाहावे. सरोवराच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास, तर माणसाच्या रक्ताचा ७.४. ते पाणी जसेच्या तसे काचेच्या बशीतल्या कर्कपेशींवर ओतले तर त्या खचितच मरतील. शेजारच्या बशीतल्या निरोगी पेशीही तितक्याच वेगाने मरतील. त्यात औषधी गुण काही नाही, नुसती क्षारता आहे. फिनेलनेही कर्कपेशी मरतात.

म्हणून खरा प्रश्न असतो तो असा: कोणत्या पेशी मेल्या, किती मात्रेला मेल्या, कशा मेल्या, आणि ज्या मरायला नको होत्या त्यांचे काय झाले? याचे उत्तर डोळ्यांना दिसावे म्हणून पेशी रंगवल्या जातात. त्यासाठी वापरायचे रंग साधे नसतात, ते प्रतिदीप्त असतात: एका रंगाचा प्रकाश पिऊन दुसऱ्या रंगाचा परत देणारे.

या गुणाची गोष्ट एका औषधापासूनच सुरू होते. बुलढाणा ज्या वऱ्हाडात येतो ते वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, हे इतिहासप्रेमींना ठाऊक असते. त्याच्या आदल्याच वर्षी केंब्रिजच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्सने क्विनाइनच्या द्रावणावर अदृश्य अतिनील किरण पाडले आणि ते द्रावण निळे उजळते ते का, याचा उलगडा केला. फ्लुओरस्पार नावाच्या खनिजावरून त्याने या गुणाला ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिले. पुढे हिंदुस्थानात हिवतापावर पोस्टातून ज्या क्विनाइनच्या पुड्या विकल्या गेल्या, त्याच द्रव्यातून प्रतिदीप्तीचे शास्त्र उगवले.

१८५६ साली अठरा वर्षांचा विल्यम पर्किन कृत्रिम क्विनाइन करायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. औषध शोधताना रंग सापडला, आणि त्या रंगातून कृत्रिम रंगांचा कारखानदारी व्यवसाय उभा राहिला. मग चक्र उलटे फिरले. पॉल एर्लिखने पाहिले की काही रंग ठरावीक पेशींनाच चिकटतात. जो रंग जंतूला निवडून चिकटतो तो जंतूला निवडून मारणार नाही कशावरून? १८९१ साली मेथिलीन ब्लू हिवतापाच्या रुग्णांना देण्यात आले. १९०४ साली एर्लिख आणि शिगा यांनी ट्रिपॅनोसोम नावाच्या परजीवीवर ट्रिपॅन रेड आणले. (हा परजीवी भारताला परका नव्हे. घोड्या-उंटांच्या ‘सर्रा’ रोगामागे तो असल्याचे ग्रिफिथ इव्हान्सने १८८० साली पंजाबातच दाखवले होते.) त्याच रंगकुळातला ट्रिपॅन ब्लू आज जगातील जवळजवळ प्रत्येक पेशी-प्रयोगशाळेत आहे, पण औषध म्हणून नव्हे. जिवंत पेशी त्याला आत येऊ देत नाही, मेलेली देते. ज्या पेशी निळ्या, त्या गेलेल्या.

हा योगायोग एकदाच घडला असता तर गंमत म्हणून सोडून देता आला असता. पण यादी लांबते. १९५० च्या दशकात आफ्रिकेतील गुरांना ट्रिपॅनोसोमवर दिले जाणारे होमिडियम म्हणजेच प्रयोगशाळेतील इथिडियम ब्रोमाइड, आणि मृत पेशींचे केंद्रक लाल करणारे प्रोपिडियम आयोडाइड हे त्याचे सख्खे भावंड. ‘डापी’ हा केंद्रक निळे करणारा रंग १९७१ साली जर्मनीत ओटो डान यांच्या प्रयोगशाळेत तयार झाला, तोही ट्रिपॅनोसोमवरील औषधाच्या शोधात. हेक्स्ट ३३३४२ या रंगाच्या नावातला आकडा म्हणजे हेक्स्ट या औषध कंपनीच्या वहीतला संयुगाचा क्रमांक. यांतले कित्येक औषध म्हणून मागे पडले किंवा माणसांपर्यंत पोचलेच नाहीत. डीएनएला घट्ट मिठी मारण्याचा जो गुण त्यांना औषध म्हणून धोक्याचा ठरला, त्याच गुणाने त्यांना परीक्षकाच्या खुर्चीवर बसवले.

परीक्षा चालते ती अशी. हाताच्या पंजाएवढ्या प्लास्टिकच्या ताटलीत ९६ किंवा ३८४ खळगे असतात. प्रत्येक खळग्यात काही हजार पेशी वाढवतात आणि त्यांवर संभाव्य औषधाची चढती मात्रा घालतात. एक-दोन दिवसांनी रंग घालतात. हेक्स्ट सर्व केंद्रके निळी करतो, म्हणजे एकूण पेशी किती ते कळते. कॅल्सिन-एएम पेशीत शिरताना निस्तेज असते. जिवंत पेशीतील विकरे त्याला कातरतात तेव्हा ते हिरवे उजळते आणि पटल शाबूत असेल तरच आत टिकते. प्रोपिडियम शाबूत पटलापाशी अडते, फाटलेल्यातून आत जाऊन लाल होते. निळे, हिरवे, लाल: किती होते, किती जगले, किती गेले. आणखी एक रंग मायटोकॉन्ड्रियातील विद्युत्-दाब दाखवतो. पेशी अजून जिवंत आहे पण तिची ऊर्जा विझू लागली आहे, हे तो मरणाआधीच सांगतो. विषारीपणाच्या परीक्षेत ही आगाऊ सूचना सर्वांत मोलाची, कारण अनेक औषधे यकृताला एका घावात मारत नाहीत, झिजवतात.

पेशी बशीत वाढवण्याची विद्या भारतात रुजवण्याचे श्रेय एका पुणेकर स्त्रीकडे जाते. कमल समर्थ १९१७ साली पुण्यात जन्मल्या. त्यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. लग्नानंतर त्या कमल रणदिवे झाल्या, मुंबईत वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी १९४९ साली पीएच. डी. मिळवली, आणि पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केले. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय रुग्ण स्त्रीच्या, तिची परवानगी न घेता काढलेल्या पेशींपासून ‘हेला’ ही पहिली अमर मानवी पेशीमालिका घडवली गेली ती याच गाय यांच्याकडे. परत येऊन रणदिवेबाईंनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. आज पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना पेशीमालिका पुरवते, आणि खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये कर्करोगविरोधी संयुगांच्या चाळणीची सोय आहे. रणदिवेबाईंना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. तरीही मराठी इतिहासलेखनात त्यांच्या वाट्याला पराक्रमाच्या गोष्टींच्या एक शतांशही जागा आलेली नाही.

पराक्रमाच्या गोष्टी कशा निवडल्या जातात याचे उत्तम उदाहरण हळदीचे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट १९९५ साली मंजूर झाले. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. हा विजय खरा आणि अभिमानास्पद आहे, तो सांगितलाच पाहिजे. पण हळदीची दुसरी गोष्टही प्रयोगशाळेत घडते आणि ती क्वचितच सांगितली जाते. हळदीतील कर्क्युमिन स्वतःच प्रतिदीप्त आहे. निळ्या प्रकाशात ते हिरवट-पिवळे उजळते, नेमके कॅल्सिनच्या रंगपट्ट्यात. म्हणजे उमेदवारच परीक्षकाचा वेष घालून बसतो. खळगा हिरवा दिसला म्हणून पेशी जिवंत असे मानावे, तर ती चमक हळदीची निघायची. काळजीपूर्वक काम करणारा संशोधक म्हणूनच पेशीविना नुसते संयुग आणि संयुगाविना नुसत्या पेशी असे शेजारचे खळगे ठेवतो. कर्क्युमिनविषयीच्या ढीगभर आशादायक निष्कर्षांकडे रसायनशास्त्रज्ञ आज साशंकतेने पाहतात, त्यामागे हाही एक दोष आहे.

रंगांवर आंधळा विश्वास ठेवणेही तितकेच चुकीचे. पॅरासिटॅमॉल स्वतः यकृताचा घात करत नाही. अतिमात्रेत यकृतातील विकरे त्याचे जे रूपांतर करतात ते घात करते. ती विकरे ज्या पेशीमालिकेत क्षीण असतात तिच्यात नेहमीच्या मात्रांना सारे खळगे हिरवेगार दिसतील. ट्रोग्लिटाझोन हे मधुमेहाचे औषध सगळ्या परीक्षा ओलांडून १९९७ साली अमेरिकेत बाजारात आले आणि यकृताच्या गंभीर हानीमुळे २००० साली मागे घ्यावे लागले. बशीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे. तिच्याजवळ रक्त नाही, आतडे नाही, वय नाही. ती फक्त पहिली चाळण आहे. पण पहिली चाळणच वगळून थेट मथळा छापण्याची घाई वैज्ञानिक अडाणीपणाची आहे, आणि मथळा आपल्या गावचा असला म्हणजे ती घाई दुप्पट होते.

घाईची किंमत प्रयोगशाळा मोजत नाही. ती मोजतो लोणार-मेहकरकडचा एखादा रुग्ण. केमोथेरपी अर्ध्यावर सोडून कुठल्याशा अर्काची बाटली घेताना त्याला कोणीतरी तोच अर्धा मथळा दाखवलेला असतो.

लोणारला २०२० साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्या पाण्यातील सूक्ष्मजीव जपणे, वेगळे करणे, त्यांची द्रव्ये तपासणे हे सर्व व्हायला हवेच, आणि त्यासाठी औषधाचे आमिष दाखवण्याची गरज नाही. त्यातून निघणारे बहुतेक अर्क नापास होतील. काही काहीच करणार नाहीत, काही दोन्ही बशांतल्या पेशी सारख्याच लाल करतील. या नापासांच्या नोंदी जशा आहेत तशा छापल्या गेल्या, तर पुढचा संशोधक तोच खळगा पुन्हा भरणार नाही. हेक्स्टच्या वहीतही ३३३४२ च्या आधी हजारो क्रमांक होते.